आपापलं की एकमेकांशी

वहिनी आरशाशी बोलायला लागल्यात, ही बातमी गल्लीभर व्हायला एक शनिवार पुरला. आता पार्लर म्हटलं की आरसा आलाच, आणि आरशासमोर बाई उभी राहिली की तोंड चालणारच. पण वहिनींचं प्रकरण निराळं होतं. खुर्चीतल्या बाईच्या केसांत कंगवा घालायचा, कात्री उचलायची, आणि आरशात स्वतःच्याच डोळ्यांत रोखून बघत पुटपुटायचं, "झ म रगार्द. झ म रगार्द." एकीने तर केस अर्धवट कापलेले असताना घाबरून विचारलं, "वहिनी, बरं आहे ना सगळं?"

"सगळं बरं आहे हो. 'मी स्वतःला बघते' असं म्हणतेय. फ्रेंचमध्ये."

"तुम्ही स्वतःला बघा, पण मग मला कोण बघणार? ही बाजू लांब राहिली."

राहिली होती खरी. वहिनींनी जीभ चावली आणि ती बाजू नीट केली. चूक काही मोठी नव्हती, पण वहिनींच्या हातून पूर्वी अशी चूक झालीच नसती. गेले काही महिने त्यांचा जीव टांगणीला लागला होता आणि तो हातात उतरत होता, एवढंच.

त्यांना सगळी गल्ली वहिनी म्हणायची, कारण त्यांचा नवरा सगळ्या गल्लीचा दादा. दादागिरीवाला दादा नव्हे हो, लिफ्टवाला दादा. कुठे लिफ्ट अडकली की याला हाक. आतल्या माणसाला बाहेरून धीर देत देत तो दार उघडायचा, आणि लोक म्हणायचे की याच्या आवाजानेच अर्धी भीती जाते. तिकडे फ्रेंच बोलणाऱ्या देशात इमारती जुन्या, लिफ्ट त्याहून जुन्या आणि दुरुस्त करणारे हात कमी, म्हणून एका कंपनीने त्याला नेला. जाताना म्हणाला, "वर्षभरात तुला बोलावतो." त्याला तीन वर्षं होत आली.

बोलावणं अडलं होतं ते परीक्षेपाशी. नवऱ्याजवळ राहायला जायचं तर बायकोला रोजच्या व्यवहारापुरतं फ्रेंच बोलता आलं पाहिजे, असा तिकडचा नियम. परीक्षा तोंडी. समोर परीक्षक बसणार, साधे साधे प्रश्न विचारणार. आणि दोनदा नापास झालं की पुढची दोन वर्षं दार बंद. वहिनी एकदा नापास झाल्या होत्या.

कशा झाल्या ते ऐका, म्हणजे हसावं की रडावं ते तुमचं तुम्ही ठरवा.

परीक्षक हडकुळा, पण सभ्य माणूस. नाव, गाव, काम, सगळं बिनबोभाट झालं. नवरा कुठे असतो, काय करतो, तेही वहिनींनी धडाधड सांगितलं. मग त्याने मान जरा तिरकी करून विचारलं, "ए वू वू पार्ले सूव्हाँ?"

वहिनींनी शब्द सुटे करून पाहिले. 'पार्ले' म्हणजे बोलणं, 'सूव्हाँ' म्हणजे पुष्कळदा, हे त्यांना ठाऊक होतं. पण 'वू वू' दोनदा कशाला? त्यांना एवढंच आठवलं, की शब्द असा जोडीने आला की काम स्वतःचं स्वतःवर होतं. मी मला बघते, तुम्ही तुम्हाला बघता. म्हणजे हा विचारतोय की तुम्ही स्वतःशी पुष्कळदा बोलता का? त्यांचं धाबं दणाणलं. गल्लीतली कुजबुज इथवर पोचली की काय?

"नों," वहिनी ठामपणे म्हणाल्या. "झामे." कधीच नाही. आणि उगीच शंका राहायला नको म्हणून पुस्ती जोडली, "झ न स्वी पा फोल." मी काही वेडी नाही.

परीक्षकाच्या भुवया वर गेल्या. "झामे? ए व्होत्र मारी?" कधीच नाही? आणि तुमचा नवरा?

वहिनींना वाटलं, आता नवऱ्याच्या डोक्यावरही संशय आला. त्या तडफेने म्हणाल्या, "मों मारी नों प्लू." माझा नवरासुद्धा नाही.

बिचारा विचारत होता, तुम्ही दोघं एकमेकांशी पुष्कळदा बोलता का. आणि बाई छातीठोकपणे सांगत होती की आम्ही कधीच बोलत नाही, आम्हाला काय वेड लागलंय? त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघून वहिनींची जी बोबडी वळली, ती पुढच्या एकाही प्रश्नाला सुटली नाही.

शिकवणी होती मादामांकडे. मादाम म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या फ्रेंचच्या बाई. जेवणाच्या टेबलावर शिकवायच्या, हातात खडूऐवजी चहाचा चमचा. घडला प्रकार ऐकून त्या आधी पोट धरधरून हसल्या, मग चष्मा पुसून म्हणाल्या, "चूक माझी. मी तुम्हाला अर्धंच शिकवलं होतं. हे बघा, तुमच्या पार्लरमध्ये दोन बायका शेजारी शेजारी बसल्यात, समोर आरसा. दोघी बघतायत. 'एल स रगार्द.' याचा अर्थ काय?"

"दोघी स्वतःला बघतायत."

"किंवा?"

वहिनींनी डोळे मिटून आपला आरसा आठवला. बायका आरशात स्वतःला बघतात हे खरं, पण आरशातूनच शेजारणीलाही बघतात. तिची साडी, तिचे पिकलेले केस, सगळं. "किंवा दोघी एकमेकींना बघतायत."

"बरोबर. वाक्य तेच, अक्षर न अक्षर तेच. आपल्या भाषेत शब्द वेगळे आहेत. स्वतःला, एकमेकींना. फ्रेंचमध्ये तो एवढासा 'स' दोन्ही कामं करतो."

"मग कळायचं कसं?"

"माणसं बघून," मादाम म्हणाल्या. "आणि अगदीच खात्री करून द्यायची असेल तर मागे जोडायचं, 'ल्यँ आ लोत्र'. एक दुसऱ्याशी. मधला शब्द क्रियापदाप्रमाणे बदलतो, तेवढं सांभाळा. आता लिहून घ्या, 'नू नू पार्लों'. आम्ही एकमेकांशी बोलतो."

"किंवा आपापलं बोलतो," वहिनी म्हणाल्या.

"किंवा तेही," मादाम म्हणाल्या आणि चहा ढवळायला लागल्या.

घरी सासूबाई होत्या. वहिनी गेल्यावर त्या लेकीकडे राहायला जाणार, हे ठरलेलं. कान तिखट, जीभ त्याहून तिखट, पण माया उघड. सून दिवसभर 'नू नू, वू वू' करत फिरायची तेव्हा म्हणायच्या, "अगं, घरात तान्हं मूल आहे का मांजर? कुणाला बोलावतेस?" आणि मग स्वतःच चहा करून तिच्यापुढे ठेवायच्या.

रविवारी दुपारी लिफ्टवाल्याचा फोन यायचा. फोन टेबलावर, आवाज मोठा, सासूबाई शेजारी भाजी निवडत. त्या रविवारी त्याने एका जुन्या लिफ्टची कहाणी सांगितली. दोन मजल्यांच्या मधे अडकली, आत एक म्हातारा आणि त्याचा कुत्रा. मग वहिनींनी केस वाळवायचं यंत्र बिघडल्याचं सांगितलं. मग त्याने तिकडच्या थंडीचं. मग हिने केसांचा रंग वाढत्या भावाने आणावा लागतोय त्याचं. फोन संपला.

सासूबाई देठं गोळा करत म्हणाल्या, "तो आपलं सांगतो, तू आपलं सांगतेस. मधल्यामधे फोन बिचारा दमतो."

वहिनी हसल्या. सासूबाईंनाही तेवढंच म्हणायचं होतं, जास्त काही नाही. पण हसून झाल्यावर वहिनींच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. नू नू पार्लों. माणसं बघून कळतं म्हणाल्या होत्या मादाम. मग बघावं ना माणसांकडे.

पुढच्या रविवारी त्यांनी एक वेडेपणा केला. तो बोलायला लागला आणि या गप्प राहिल्या. 'हो का' नाही, 'मग' नाही, काही नाही. नवरा बोलत होता. तारांबद्दल बोलला, साहेबाबद्दल बोलला, खालच्या दुकानातल्या पावाबद्दल बोलला. मधे कुठे थांबला नाही, 'अगं, आहेस ना?' म्हणून विचारलं नाही. शेवटी म्हणाला, "बरं, ठेवतो. जप."

म्हणजे तीन वर्षं आपण रविवारी एकमेकांशी बोलतो असं समजत होतो, आणि तो तिकडे आरशाशी बोलत होता. आणि आपण तरी काय करत होतो?

मग काळजीला काय, वाटच मोकळी. पास झालो तर काय होणार? विमानतळावर समोर येणारा माणूस कोण असणार? आपल्या हातचा चहा त्याला अजून तसाच आवडत असेल का? झोपेत तो कुठल्या बाजूला वळतो? हे आठवायला गेल्या आणि आठवेना, तेव्हा त्या अंथरुणात उठून बसल्या. नापास होण्याची भीती होतीच, आता पास होण्याची भीती तिच्या मांडीला मांडी लावून बसली. दुसऱ्या दिवशी एका बाईच्या केसांना लावलेला रंग धुवायचाच विसरल्या. तपकिरी व्हायचे ते केस काळेकुळकुळीत झाले. बाई बिचारी चांगली, म्हणाली तरुण दिसते मी. वहिनींना मात्र बाथरूमचं दार लावून रडू आलं.

मादामांनी चेहरा ओळखला. पण त्या शिक्षिका, त्यांच्याकडे औषध एकच. "नवऱ्याबरोबर फोनवर सराव करा. त्याला तिकडे राहून चांगलं येत असेल. रोजचे प्रश्न विचारा. किती वाजता उठतोस, कंटाळा येतो का. आणि नवऱ्याला 'त्यू' म्हणायचं हं, 'वू' नाही."

"त्यू म्हणजे अरे-तुरे?"

"नवरा-बायको तिकडे तसंच बोलतात."

वहिनींनी लग्नापासून नवऱ्याला 'अहो'शिवाय हाक मारली नव्हती. 'त्यू' तोंडातून काढताना त्यांना स्वयंपाकघरातसुद्धा लाज वाटली. सासूबाईंनी विचारलं, "काय गं, चेहरा का लाल झाला?" "काही नाही, व्याकरण," वहिनी म्हणाल्या.

परीक्षेच्या आधीचा रविवार. वहिनींनी फोन टेबलावर न ठेवता हातात घेतला आणि म्हणाल्या, "अहो, आज सराव करूया. मी विचारते, तुम्ही उत्तर द्या. फ्रेंचमध्येच."

"विचार."

"त्यू त लेव्ह आ केल्यर?" तू किती वाजता उठतोस?

पलीकडे तो खुदकन हसला. "काय धीट झालीस. एकदम त्यू?" मग सांगितलं, सहाला उठतो.

"त्यू तान्वी?" कंटाळा येतो का?

"कधी कधी."

इथवर मादामांचे प्रश्न संपले. पुढचा प्रश्न वहिनींनी स्वतः जुळवला होता. मराठीत तो त्यांनी जन्मात विचारला नसता, जीभच उचलली नसती. पण परक्या भाषेचं एक बरं असतं, तिच्याआड लपता येतं. सरावच तर आहे, लागलं तर म्हणता येतं की चुकून बोलले.

"त्यू ते अबित्युए?" तुला सवय झाली?

मग तो हळूच म्हणाला, "वी. झ म स्वी अबित्युए." हो. झाली सवय.

मादामांनी हे क्रियापद शिकवताना सांगितलं होतं, की मराठीत सवय आपोआप होते, फ्रेंचमध्ये माणूस ती स्वतःला लावून घेतो. वहिनींना ते तेव्हा डोक्यावरून गेलं होतं. आता नीट कळलं.

"कशाची सवय लावून घेतलीत?" हे त्यांनी मराठीत विचारलं.

"एकट्याची," तो म्हणाला. "सुरुवातीला जेवताना तुझ्यासाठी जागा ठेवायचो, समोर. ती बघून घास उतरेना. मग टेबल भिंतीला लावलं. आता भिंतीकडे बघत जेवतो. काही वाटत नाही. काही वाटत नाही याचीच भीती वाटते गं. तू येशील आणि तुला वाटेल, हा कोण माणूस, भिंतीकडे बघत जेवणारा."

वहिनींनी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"मागच्या खेपेला तू गप्प होतीस," तो पुढे म्हणाला. "कळलं होतं मला. पहिल्या मिनिटाला कळलं होतं. म्हणून तर बोलत राहिलो. थांबलो असतो तर का गप्प आहेस ते विचारावं लागलं असतं. आणि तू म्हणाली असतीस, मला यायचं नाही."

"मला यायचं आहे हो," वहिनी म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं. "पण मलाही तुमची भीती वाटते. तुम्ही झोपेत कुठल्या बाजूला वळता तेसुद्धा आठवत नाही मला."

"मलाही नाही आठवत. इथे झोपेत मला कोण बघतंय?"

रडता रडता दोघंही हसले. स्वयंपाकघरात सासूबाईंनी उगीचच नळ मोठा सोडला, म्हणजे आपल्याला काही ऐकू येत नाही हे सगळ्यांना कळावं. नळ बराच वेळ चालू होता. त्या दिवशी फोनही बराच वेळ चालू होता. लिफ्ट आणि पार्लर यांचं नावसुद्धा निघालं नाही.

परीक्षेच्या दिवशी वहिनी गेल्या त्या तोंडचं पाणी पळालेल्या. खोली तीच, खुर्ची तीच, आणि नशिबाने म्हणा किंवा दुर्दैवाने, हडकुळा परीक्षकही तोच. नाव, गाव, काम झालं. नवरा झाला. त्याने मान तिरकी केली आणि वहिनींना कळलं, आला.

"ए वू वू पार्ले सूव्हाँ?"

"आव्हाँ, नों," वहिनी म्हणाल्या. आधी नाही. "मँत्नाँ, वी." आता हो. आणि या वेळी कसलीच शंका राहू नये म्हणून जोडलं, "ल्यँ आ लोत्र." एक दुसऱ्याशी.

परीक्षकाने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "द क्वा?" कशाबद्दल बोलता?

आता हा प्रश्न काही पाठ केलेला नव्हता. हवामान सांगता आलं असतं, जेवणखाण सांगता आलं असतं. त्याचे शब्द तयार होते. पण वहिनींच्या डोक्यात रविवारशिवाय दुसरं काही येईना.

"नूझाव्हों पर," त्या म्हणाल्या. आम्हाला भीती वाटते.

"पर द क्वा?" कशाची भीती?

वहिनी अडखळल्या. मधला शब्द क्रियापदाप्रमाणे बदलतो. बोलतात एक दुसऱ्याशी. आणि भितात? भितात एक दुसऱ्याला.

"ल्यँ द लोत्र."

एकमेकांची.

परीक्षकाने हातातलं पेन खाली ठेवलं. मग त्याने सोप्या, सावकाश शब्दांत विचारलं, की तरीही तुम्हाला जायचं आहे? वहिनी म्हणाल्या, "वी." त्यापुढे काही म्हणता आलं नाही आणि त्यानेही ओढून काढलं नाही. बाकीचे प्रश्न बाजारहाटाचे होते, ते कसेबसे निभावले.

निकाल तासाभरात तिथेच सांगितला. वहिनी पास झाल्या.

बाहेर पायऱ्या होत्या. वहिनी खालच्या पायरीवरच बसल्या आणि फोन लावला. तो कामावर होता, तरी पहिल्याच घंटीला उचलला.

"पास झाले," त्या म्हणाल्या.

पलीकडून उत्तर आलं नाही. मागे कुठेतरी लिफ्टच्या दाराचा आवाज झाला, कोणीतरी त्याला हाक मारली, त्याने ओ दिली नाही. वहिनींनाही पुढे काय बोलावं सुचेना.

शेवटच्या शिकवणीला मादामांनी एक क्रियापद सांगितलं होतं, गप्प राहण्याचं. नू नू तेझों. त्यातही तो दुसरा 'नू' आहे, म्हणाल्या होत्या, पण त्याचा अर्थ स्वतःला असाही नाही आणि एकमेकांना असाही नाही. तिथे तो काही कामच करत नाही, नुसता सोबत असतो. वहिनींनी तेव्हा विचारलं होतं, काम नाही तर ठेवायचा कशाला? आणि मादाम म्हणाल्या होत्या, काढला तर क्रियापदच मोडतं.

पायरीवरून माणसं जात-येत होती. वहिनी जरा कडेला सरकल्या आणि फोन कानाला धरून बसून राहिल्या. तोही बोलला नाही. फोन कोणीच ठेवला नाही.